तुमच्या नोंदवहीत तोंडाचा रकाना का नाही?

वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्रं आणि घरोघरी जाऊन ज्येष्ठांची देखभाल करणाऱ्या संस्था चालवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना बंद करून काही वर्षं झाली, पण कुणी बोलावलं तर आरसा आणि टॉर्च घेऊन अजूनही जाते. असंच एकदा एका संस्थेतून एका आजींसाठी बोलावणं आलं. आजींनी दहा-बारा दिवसांपासून जेवण जवळजवळ सोडलं होतं. स्मृतिभ्रंश आधीपासूनच होता, त्यामुळे आजार वाढला असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. भरवायला गेलं की त्या तोंड फिरवायच्या, चमचा ढकलून द्यायच्या. एकदा सेविकेला चावल्याही होत्या. मला बोलावलं तेही मुलीने हट्टच धरला म्हणून: सगळं तपासून झालंय, आता तोंडही बघून घ्या.

तोंड उघडायला पाऊण तास गेला. खालच्या जबड्यात तारांची अर्धी कवळी होती. आजी तिथे आल्या तेव्हाच्या सेविका बदलून गेल्या होत्या आणि नव्या सेविकांना आजींना कवळी आहे हेच माहीत नव्हतं. ती किती दिवस काढलेली नव्हती, कोण जाणे. तार हिरडीत रुतून बसली होती, तिच्यावर मांस चढलं होतं आणि खाली पू झाला होता. कवळी काढली, जखम धुतली, औषध दिलं. चौथ्या दिवसापासून आजी मऊ अन्न खायला लागल्या. स्मृतिभ्रंश होता तिथेच होता. आजी उपाशी होत्या त्या तारेमुळे.

निघताना मी खाटेला लटकवलेली नोंदवही चाळली. रक्तदाब, साखर, ताप, औषधं, अंघोळ, शौच, लघवी, जेवण, झोप. नऊ रकाने, रोजच्या रोज भरलेले, सुवाच्य अक्षरात. जेवणाच्या रकान्यात बारा दिवस एकच शेरा: 'नकार'. तोंडासाठी रकाना नव्हता. मग त्या बारा दिवसांत तोंडात डोकावणं कुणाचं काम होतं? कुणाचंच नाही. संस्था चांगली होती हो, हे मुद्दाम सांगते. चादरी स्वच्छ, माणसं प्रेमळ, कुणाच्या पाठीला जखम नाही. पण जे वहीत नाही ते कामात नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझं मागणं एवढंच आहे. वहीत दहावा रकाना आखा.

यावर पहिलं उत्तर काय येतं तेही मला पाठ आहे. "डॉक्टर, वय झालं की दात जायचेच." हे वाक्य मी रुग्णांकडून ऐकलं, त्यांच्या मुलांकडून ऐकलं आणि लाज वाटते सांगायला, आमच्याच व्यवसायातल्या लोकांकडूनही ऐकलं. केस पांढरे होतात तसे दात पडत नाहीत. दात पडतो तो कीड लागून किंवा हिरडी आणि तिच्याखालचं हाड आजाराने झिजून, आणि या दोन्ही गोष्टी बऱ्याच प्रमाणात टाळता येतात. जपानने 1989 मध्ये एक मोहीम सुरू केली: ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे किमान वीस दात असावेत. वीस का, तर तेवढे असले की बहुतेक सगळं चावून खाता येतं. तेव्हा तिथल्या ऐंशीच्या घरातल्या दहांमध्ये एकाच्याही तोंडात वीस दात नसायचे. 2016 च्या सर्वेक्षणात हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. एका पिढीत माणसाचं शरीर बदलत नाही, सवयी बदलतात. उलट बाजूही बघा: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगभरात साठीपुढच्या साधारण 23 टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही.

आणि दात असे टिकू लागल्याचा एक परिणाम असा, ज्याचा विचार अजून फारसा कुणी केलेला दिसत नाही. पूर्वी तुमच्याकडे येणारी माणसं तोंडाचं बोळकं झालेली किंवा पूर्ण कवळी लावलेली असायची. कवळी काढली, धुतली, ठेवली, काम संपलं. आता येणाऱ्यांच्या तोंडात पंधरा-वीस दात असतात. त्यात कुठे रूट कॅनाल झालेला, कुठे टोपी बसवलेली, कुठे ब्रिज, कुठे हाडात रोवलेला इम्प्लांट. आयुष्यभर जपलेलं हे सगळं ज्या दिवशी हात थरथरायला लागतात किंवा ब्रश कशाला असतो हेच विसरायला होतं, त्या दिवसापासून तुमच्या ताब्यात येतं. वर्षा-दोन वर्षांत ते कसं कोसळतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

इतक्या झपाट्याने का कोसळतं, ते जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं 'दात घासा' म्हटल्याने कुणी घासत नाही.

वय वाढतं तशी हिरडी मागे सरकते. काहींची आधीच्या आजाराने, काहींची आयुष्यभर ब्रश खसाखसा चालवल्याने. मग दाताचं मूळ उघडं पडतं. दाताच्या वरच्या भागाला जे कडक आवरण असतं ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण मुळाला ते नसतं. तोंडातली आम्लता वाढून पीएच (आम्लता मोजायचा आकडा; आम्लता वाढते तसा तो खाली येतो) 5.5 च्या आसपास आला की आवरण विरघळू लागतं. मुळाचा पदार्थ मात्र 6 च्या वर असतानाच विरघळायला लागतो. म्हणजे तरुणपणी ज्या दाताचं काही बिघडलं नसतं, तोच दात आता हिरडीच्या कडेने गोल पोखरत जातो. दुखतही नाही, कारण वयाबरोबर आतली नस आक्रसते. एक दिवस दात हिरडीच्या पातळीवर कटकन मोडतो आणि घरचे म्हणतात, काल तर चांगला होता!

दुसरी गोष्ट लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तोंड धुते, आम्ल मारते, दातातून निघून गेलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत भरते. म्हातारपणी तोंड कोरडं पडतं ते बहुतेक वेळा वयामुळे नाही, औषधांमुळे. नैराश्यावरची, झोपेची, ॲलर्जीची, वारंवार लघवी होते त्यावरची, लघवी वाढवणारी, कंपवातावरची काही. यांतली तीन-चार एकत्र आली की जीभ टाळूला चिकटते. तुमच्या वहीत औषधांची यादी असतेच. ज्यांची यादी लांब, त्यांची तोंडं आधी बघा. कोरडं पडतं म्हणून कुणी प्रेमाने खडीसाखरेसारखं गोड काहीतरी चघळायला देतं, खोकल्याचं गोड औषध रात्री दात घासून झाल्यावर पाजलं जातं. लाळ नसलेल्या तोंडात साखर रात्रभर बसली की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. थोड्या-थोड्या वेळाने पाण्याचे घोट द्या, बिनसाखरेच्या गोळ्या द्या (गिळायला त्रास असेल तर गोळ्याही नकोत), कृत्रिम लाळेचे जेल मिळतात ते लावा. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, यातलं एखादं औषध कमी करता येईल का किंवा बदलता येईल का.

हिरड्यांबद्दल एकच गैरसमज काढून टाकते. घासताना रक्त आलं की तिथे ब्रश लावायचा नाही, असं सेविकांना वाटतं, रुग्णालाही वाटतं. रक्त येतं ते तिथे किटण साचून सूज आली म्हणून. मऊ ब्रशने तीच जागा रोज नीट साफ केली तर साधी सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. नाही उतरली तर दाखवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तेही सांगा, पण ती औषधं आपल्या मनाने बंद करू नका, दात काढायचा असला तरीही. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून मात्र रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांचा आजार लपून राहतो. आणि मधुमेह: साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. ज्यांच्या साखरेचा आकडा तुम्ही रोज दोनदा लिहिता, त्यांच्या हिरड्या वर्षातून एकदाही कुणी पाहिलेल्या नसतात, ही माझी खरी खंत आहे.

आता तुम्हाला व्यवस्थापक म्हणून ज्याची धास्ती असते, त्या न्यूमोनियाबद्दल. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाची लाळ झोपेत थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते. तोंड घाण असेल तर त्या लाळेबरोबर जंतूही फुप्फुसात उतरतात. जपानमधल्या 11 शुश्रूषागृहांमध्ये 417 वृद्धांना दोन गटांत विभागून दोन वर्षं पाहिलं गेलं. अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची तोंडं सेविका रोज प्रत्येक जेवणानंतर साफ करत आणि दंतवैद्यक आठवड्याला येत. दुसऱ्या गटात असं काही ठरवून केलेलं नव्हतं. दुसऱ्या गटात 19 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, पहिल्या गटात 11 टक्के. ब्रश आणि दोन हात, एवढ्यावर. जपानमध्येच पंच्याऐंशीच्या पुढच्या 524 लोकांवर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास आहे. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला.

तेव्हा रात्री कवळी काढायची. ज्यांना काढवत नाही, लाज वाटते, त्यांच्या खोलीचं दार लोटून घ्या, पण काढा. ती साबण लावून, वेगळ्या ब्रशने घासायची. टूथपेस्टने तिच्यावर बारीक चरे पडतात आणि त्यात बुरशी बसते. उकळत्या पाण्यात घातलीत तर वाकडी होते. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून घ्या किंवा खाली टॉवेल टाका, हातातून निसटली तर तुटत नाही. रात्रभर पाण्यात ठेवा. तिच्याखालची हिरडी आणि टाळूही ओल्या मऊ कापडाने पुसायची असते, हे बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. टाळू लालभडक दिसली तर ती बुरशी असू शकते. कवळी सैल झाली की "आता या वयात कशाला नवीन" म्हणून चिकटवायची पावडर वाढवत नेतात. जबड्याचं हाड झिजतं म्हणून कवळी सैल होते आणि पुष्कळदा आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसवता येते. सगळ्यांच्या कवळ्या एकाच ट्रेमध्ये धुतलेल्या मी पाहिल्या आहेत. मग कुणाची कवळी कुणाच्या तोंडात गेली ते फक्त त्या दोन तोंडांना कळतं, आणि त्यांना बोलता येत नाही.

दुसऱ्याचे दात घासायचे कसे, हे कुणी शिकवत नाही. लहान मुलांचे आपण घासतो, पण मोठ्या माणसाच्या तोंडात हात घालताना सेविका बिचकतात. त्यात त्यांची चूक नाही. माणसाला झोपवून घासू नका, बसवा, हनुवटी किंचित खाली. समोरून येऊ नका, बाजूला किंवा थोडं मागे उभं राहा. समोरून तोंडाकडे येणारा हात कुणालाही हल्ल्यासारखा वाटतो, विस्मरण झालेल्याला तर वाटणारच. आधी बोला, काय करताय ते सांगा, खांद्याला हात लावा, मग गालाला, मग ओठाला. मऊ ब्रश, छोट्या डोक्याचा. फ्लोराइड असलेली पेस्ट, वाटाण्याएवढी. गिळायला त्रास असेल तर त्याहून कमी आणि फेस न होणारी. ब्रश दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरपा ठेवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. दोन मिनिटं. झाल्यावर थुंकू द्या, पण चुळा भरभरून सगळी पेस्ट धुऊन टाकू नका. फ्लोराइड दातावर राहायला हवं, विशेषतः रात्री. दातांत फटी असतील तर फटीत घालायचे छोटे ब्रश मिळतात. दातकोरण्याने फटी उकरण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. स्वतःची बोटं कधीही दातांच्या मध्ये घालू नका.

ज्यांना स्वतः घासता येतं त्यांच्या हातातून ब्रश काढून घेऊ नका, वेळ वाचतो म्हणूनही नको. बोटं आखडली असतील तर दांड्याला जाड स्पंज किंवा रबराचा चेंडू बसवा, विजेवर चालणारा ब्रश द्या. विसरत असतील तर ब्रश त्यांच्या हातात द्या आणि वरून आपला हात धरा. पुष्कळदा हाताला आठवतं, डोक्याला आठवलं नाही तरी. एकजण तर आरशात स्वतःला पाहिल्याशिवाय तोंडच उघडत नसत. आरसा आणला आणि सहा महिन्यांचं भांडण मिटलं. सकाळी नाही म्हणाले तर दुपारी विचारा. दिवसातून दोनदा व्हायला हवं, पण दोनदा जमलं नाही म्हणून एकदाही नाही, असं करू नका. त्या एका वेळेसाठी रात्र निवडा.

आता रकान्यात लिहायचं काय? सकाळ आणि रात्र, घासले की नाही, कुणी घासले; कवळी काढली की नाही. बस. त्याखाली आठवड्यातून एकदा, टॉर्चच्या उजेडात, ओठ वर-खाली करून, जीभ बाहेर आणि बाजूला घेऊन पाहिलेलं: सूज, रक्त, मोडलेला दात, पांढरा किंवा लाल चट्टा, गळू. दोन आठवड्यांत बरी न झालेली कुठलीही जखम दाखवायची, दुखत असो वा नसो. कर्करोग बऱ्याचदा सुरुवातीला दुखत नाही. बोलता न येणाऱ्यांसाठी वेगळी खूण ठेवा: गालावर हात मारणं, एका बाजूने चावणं, थंड पाण्याला तोंड आक्रसणं, कवळी घालायला अचानक नकार, आणि अर्थात 'जेवणास नकार'. हा शेरा दोन दिवस लागोपाठ पडला की तिसऱ्या दिवशी तोंड उघडून बघायचं, असा नियमच करा.

माणसं कमी आहेत, हे मला माहीत आहे. सेविका दमलेल्या असतात, पगार तुटपुंजे असतात. पण त्या आजींसाठी बारा दिवसांत जे झालं त्याचा हिशेब मांडा: रोज तीनदा भरवण्याची झटापट, डॉक्टरांच्या फेऱ्या, रक्ताच्या तपासण्या, सलाईन, मुलीचे फोन, चावलेल्या सेविकेचा हात. दिवसाची चार मिनिटं यापेक्षा महाग पडतील?

आमच्या लोकांचंही सांगून टाकते, म्हणजे हे पत्र एकतर्फी वाटणार नाही. आम्ही दवाखाने जिन्यावर थाटले आणि चाकांच्या खुर्चीतला माणूस खालीच राहिला. घरी या म्हटलं तर आमच्यातले बहुतेक टाळतात. ऐंशीच्या माणसाचा दात पाहून 'काढून टाकू' हे आमच्या तोंडून फार लवकर निघतं, खरं तर मुळाची कीड थांबवायला जास्त फ्लोराइडची पेस्ट आहे, दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप आहे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रव आहे. ते ब्रशने टेकवलं की ड्रिल न लावता बऱ्याचदा कीड थांबते. कीड लागलेली जागा काळी पडते, हे खरं. पण तो दात दर्शनी नसेल तर त्या वयात किती जणांना त्याचं पडलेलं असतं, ते त्यांनाच विचारा. हे उपचार खाटेजवळ बसून करता येतात. तुम्ही तुमच्या भागातल्या दंतवैद्यांना गाठा, वर्षातून दोन फेऱ्यांचा शब्द घ्या, आणि माणूस तुमच्याकडे दाखल होतो त्याच आठवड्यात पहिली तपासणी करून घ्या. तोंडात काय काय आहे, कवळी आहे का, इम्प्लांट कुठे आहे, याचा एक कागद त्याच दिवशी फाइलला लागला पाहिजे. तो कागद असता तर आजींच्या नव्या सेविकांना तार शोधावी लागली नसती.

एक गोष्ट तुमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधं, बिस्फॉस्फोनेट गटातली किंवा डेनोसुमॅब, चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. धोका कमी आहे, औषध घाबरून सोडू नये. पण ते सुरू करण्याआधी दात तपासून, जे काढायचे ते काढून घेतले तर पुढचा सगळा व्याप वाचतो. अपस्माराचं फेनिटॉइन आणि रक्तदाबाची निफेडिपिन-अम्लोडिपिन यांनी काहींच्या हिरड्या दातांवर वाढत येतात. तेही लक्षात असू द्या.

रकाना आखलात आणि सेविकांना शिकवायला कुणी हवं असेल तर मला बोलवा. मी माझा टॉर्च घेऊन येईन. तासाभराचं काम आहे आणि त्याचे पैसे मी घेत नाही. पहिल्या दिवशी सेविकांनी एकमेकींचे दात घासायचे. खूप हसतात, पण दुसऱ्याच्या हातात आपलं तोंड देणं म्हणजे काय, ते त्या तासात कळतं.

आपली,
दातांची एक निवृत्त डॉक्टर

ता. क. प्रत्येक कवळीवर नाव घालून घ्या. तंत्रज्ञ ते कवळी बनवतानाच आत बसवून देतो, जुन्या कवळीवरही नंतर घालता येतं. आणि जेवणाच्या ताटातले टिश्यू पेपर कचऱ्यात टाकण्याआधी एकदा चाचपून बघा. हरवलेल्या कवळ्या मला सर्वांत जास्त तिथेच सापडल्या आहेत.